गाझपाचो कडू होतोय, कुठं चुकतंय?

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय चूक सापडायची नाही.

बाबा 76 वर्षांचे. एप्रिल लागला की त्यांचं जेवण आटतं. नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की दुपारी ताट समोर नेलं तरी "नको गं, वाफ सोसत नाही" म्हणतात. ताक, पन्हं, सोलकढी सगळं करून झालं. गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला होता, तो स्पेनमध्ये ग्रानादाला शिकतो. त्याने एक दिवस टोमॅटोचं गार सूप केलं, गाझपाचो. काही शिजवायचं नाही, नुसतं वाटायचं. बाबांनी दोन पेले घेतले आणि तिसऱ्यांदा पेला पुढे केला.

यंदा मी तीनदा केला. तिन्ही वेळा कडवट. एक किलो टोमॅटो, एक मोठी काकडी, एक ढोबळी मिरची, लसणाच्या चार पाकळ्या, ब्रेडचे दोन स्लाइस, अर्धी वाटी एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, पांढरं व्हिनेगर, मीठ. सगळं एकदम मोठ्या भांड्यात घालून तीन नंबरवर चार मिनिटं फिरवते. भांडं उतरवताना हाताला कोमट लागतं. वर फेस येतो, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कारल्यासारखं काहीतरी रेंगाळतं. काल बाबांनी एक घोट घेतला आणि "ठेव, संध्याकाळी घेतो" म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून. संध्याकाळी घेतला नाही.

भाच्याला विचारलं तर म्हणतो, "मावशी, मी सगळं अंदाजाने घालतो." कुणाला नेमकं माहीत आहे का?

सेव्हियातले दोन उन्हाळे:
ताई, माझा पहिला संशय तेलावर. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये कडवट घटक मुळातच असतात. पावाला लावून खाताना ते तेलातच दबून राहतात. मिक्सरच्या जोरात तेलाचे अगदी बारीक कण होतात, ते घटक सुटून पाण्यात उतरतात आणि जिभेला थेट लागतात. जितका वेग आणि जितका वेळ जास्त, तितका कडूपणा. म्हणून तेल शेवटी घाला. आधी बाकीचं वाटून, गाळून घ्या. मग एक नंबरवर फिरवत तेलाची बारीक धार सोडा, अर्धा मिनिट पुरे. निम्मं तेल साधं सूर्यफुलाचं घेतलंत तर बाबांच्या जिभेला आणखी सौम्य लागेल. केशरी रंग तरीही येतो, तो तेल आणि टोमॅटोचं पाणी एकजीव झाल्याचा असतो.

दुसरा संशय काकडीवर. उन्हात पाण्याचा ताण पडलेल्या वेलाची काकडी कडू निघते. दोन्ही टोकं कापून चाखल्याशिवाय भांड्यात टाकू नका, आणि एक लहानच घ्या, साल काढून.

ढोबळी मिरचीऐवजी भावनगरी मिरची घ्या. तिकडे स्पेनमध्ये लांब, पातळ सालीची हिरवी मिरची वापरतात, तिला आपल्याकडे हीच जवळची. लसणाची एकच पाकळी, उभी चिरून आतला हिरवा कोंब काढलेली. कच्चा लसूण फ्रिजमध्ये रात्रभरात चढतो, चार पाकळ्या फार झाल्या. स्लाइस ब्रेड गोडसर असतो, त्यापेक्षा बेकरीतला कालचा कडक पाव बरा. व्हिनेगर तिकडे शेरीचं, म्हणजे तिथल्या एका वाइनचं असतं. आपल्याकडे द्राक्षाचं किंवा सफरचंदाचं दोन मोठे चमचे घाला, पांढरं फार बोचतं.

आणि टोमॅटो चिरून मीठ लावून अर्धा तास ठेवा. जे पाणी सुटेल त्यातच पाव भिजवा, वरून पाणी नको. बर्फ तर मुळीच नको, चव पातळ होते. गार झाल्यावर खारटपणा जिभेला कमी जाणवतो, म्हणून वाढायच्या आधी पुन्हा चाखा.

सेव्हियात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी चाळिशीच्या वर जातं. माझी घरमालकीण दोन-अडीचला फ्रिजमधून जग काढायची आणि आम्ही पेल्यानेच प्यायचो. मुळात हे आन्दालुसियातल्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या शेतमजुरांचं खाणं. शिळा पाव, लसूण, तेल, व्हिनेगर, मीठ, पाणी, लाकडी भांड्यात कुटून. टोमॅटो अमेरिकेतून आला, म्हणजे 1492 नंतरचा, आणि गाझपाचोत तर तो बराच उशिरा शिरला. आपला गडी शेतावर ताकात भाकरी कुस्करतो, त्याच जातीचं हे.

दिंडोरीकडचा:
टोमॅटोबद्दल मी बोलतो, आमच्याकडे लागवड असते. लांबच्या मार्केटला जायचा माल आम्ही झाडावर पूर्ण लाल होऊच देत नाही, क्रेटमध्ये दाबला जातो. साल जाड, गर घट्ट, रस कमी. आमच्या भागाचा मोठा हंगाम ऑगस्टपासून पुढे. उन्हाळ्यात तुम्हाला मिळतो तो बराचसा जुन्नर-नारायणगावकडचा.

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात गावठी मिळाला तर तो घ्या, वाकडातिकडा असला तरी. नाहीतर हायब्रिड आणून दोन-तीन दिवस ओट्यावर कागदावर देठ खाली करून पसरा. फ्रिजमध्ये ठेवू नका, वास मरतो. देठाजवळ बोट दाबलं की दबला पाहिजे.

सिडकोची आजी:
मी तर वरून तुपात जिरं-हिंगाची फोडणी दिली असती. आणि न उकळता द्यायचं म्हणजे भाज्या मिठाच्या पाण्यात नीट धुवा, वयस्कर माणूस आहे. दोन दिवसांत संपवा.

इंदिरानगरकर:
आजी, धुण्याचं अगदी बरोबर, तसंच करते. फोडणी मात्र नको, गार सुपावर तूप थिजेल. आणि मग ते सारच होईल, जे ते नको म्हणतात.

इंदिरानगरकर (चार दिवसांनी):
केला! आधी एकेक वस्तू चाखली. काकडी गोड होती, म्हणजे तेलच. गावठी टोमॅटो बुधवारी मिळाले. साल आणि बिया काढायला गाळणीऐवजी पुरणयंत्र घेतलं, बारीक जाळी लावून. पाच मिनिटांत काम झालं आणि खाली मखमलीसारखा रस. तेल निम्मं-निम्मं, शेवटी धारेने. फेस आला नाही. रात्रभर स्टीलच्या डब्यात ठेवला.

दुपारी वरून काकडीचे आणि लाल कांद्याचे बारीक तुकडे, तव्यावर कुरकुरीत केलेला पाव. बाबांनी पेला संपवला, मग तळाशी राहिलेले पावाचे तुकडे चमच्याने खरवडून खाल्ले. तुमचं ताक-भाकरीचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग यात भाकरी चालेल की." उद्या ज्वारीची कडक भाकरी कुस्करून बघणार आहे.

दिंडोरीकडचा:
आमच्याकडे बागेत शेवटची थोडी द्राक्षं आहेत, साखर भरपूर उतरलीय. स्पेनमध्ये द्राक्षाचं काही गार करतात का?

सेव्हियातले दोन उन्हाळे:
करतात, आणि नाशिककरांनी तर करायलाच हवं. आखोब्लांको, मालागाकडचं पांढरं सूप. शंभर ग्रॅम बदाम भिजवून सोला. लसणाची एक लहान पाकळी, कडक पावाचा पांढरा भाग, मीठ आणि दोन-अडीच वाट्या गार पाणी घालून गंधासारखं वाटा. तेल इथेही शेवटी, मग थोडं व्हिनेगर. वाढताना द्राक्षं अर्धी कापून वर सोडा. लसणाच्या झणक्यानंतर द्राक्ष दाताखाली फुटतं ना, तेव्हाच त्याची खरी मजा.

इंदिरानगरकर:
बदाम भिजत घातले. दिंडोरीकर दादा, नाशिकला फेरी कधी आहे?