कोल्बेने मरण पत्करलं, पण ते मागितलं कोणी?

पायवाट
'येशू आमच्या पापांसाठी मेला' यावर वाद निघाला की ख्रिस्ती मित्र हमखास मॅक्सिमिलियन कोल्बेचं नाव काढतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९४१, आउशवित्झची नाझी छळछावणी. एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारायची शिक्षा झाली. त्यातला गायोव्हनिचेक नावाचा कैदी बायकामुलांच्या आठवणीने रडू लागला. फ्रान्सिस्कन धर्मगुरू असलेला कोल्बे पुढे आला आणि म्हणाला, याच्याऐवजी मला घ्या. उपाशी ठेवूनही कोल्बे मेला नाही, तेव्हा १४ ऑगस्टला त्याला इंजेक्शन देऊन मारलं. गायोव्हनिचेक १९९५ पर्यंत जगला.

कोल्बेपुढे मीही हात जोडतो. पण हे उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिथे मरण मागणारा होता छावणीचा अधिकारी. त्याला दहा मुडदे हवे होते, कोणाचे याच्याशी देणंघेणं नव्हतं. क्रूसाच्या गोष्टीत त्याच्या जागी कोण? देवच ना? निरपराध्याला मारून अपराध्याचा हिशेब कसा मिटतो? तुमच्याच बायबलातला संदेष्टा यहेज्केल (अध्याय १८) सांगतो की जो पाप करील तोच मरेल. आणि येशूच्याच दृष्टांतातल्या उधळ्या पुत्राचा बाप पोरगा लांबून दिसताच धावत सुटतो. आधी कोणाचा तरी जीव द्या, मग बघू, असं तो म्हणत नाही.

वसईकर_मधला
हा प्रश्न आमच्याच घरातला आहे हो. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या संत ग्रेगरीने विचारला होता: रक्त दिलं कोणाला? सैतानाला म्हणावं तर ते लाजिरवाणं. पित्याला म्हणावं, तर ज्याने अब्राहामाकडून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा बळी घेतला नाही तो स्वतःच्या पुत्राच्या रक्ताने कसा संतोषेल?

तुमची गफलत अशी की येशू एकीकडे आणि देव दुसरीकडे धरून तुम्ही बोलता. आम्ही मानतो की क्रूसावर देवच आहे. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे देव कोल्बेच्या जागी उभा आहे आणि अधिकाऱ्याच्या जागी पाप अन् मरण. मिस्सात, म्हणजे आमच्या उपासनेत, आम्ही 'देवाचं कोकरू' म्हणतो तेव्हा पास्काचं कोकरू डोळ्यांपुढे असतं. इजिप्तच्या गुलामीतून सुटायच्या रात्री त्याचं रक्त दारांना लावलं होतं. त्यात दंडवसुली नव्हती, सुटका होती.

नगरी_उपासक
वसईकर, पायवाट यांना पटावं म्हणून क्रूस इतका गुळगुळीत करू नका. रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही, असं बायबलच्या इब्री लोकांस पत्रात (९:२२) स्पष्ट लिहिलंय. उद्या हुंड्यासाठी कोणाची पोरगी जाळली आणि न्यायाधीश म्हणाला, 'माझं मन मोठं आहे, जा, माफ केलं', तर चालेल? पाप आहे तर न्याय हवाच. सुवार्ता ही की न्यायाधीशाने शिक्षा सुनावली आणि स्वतःच खाली उतरून भोगली.

खडूफळा
अवांतर, पण लागू. हा हिशेबी सूर पश्चिमेत घट्ट झाला तो कॅन्टरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याच्यापासून, १०९८ च्या सुमारास. काळ सरंजामी. धनी जितका मोठा तितका त्याचा अपमान मोठा, आणि भरपाईही तेवढीच. अन्सेल्म मात्र म्हणत होता, भरपाई *किंवा* शिक्षा. ख्रिस्ताने शिक्षाच भोगली हा जोर पुढे सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन वगैरे प्रोटेस्टंट सुधारकांचा. अन्सेल्मनंतर काही दशकांत आबेलार या फ्रेंच विचारवंताने वेगळी वाट धरली: क्रूस बघून माणसाचं मन प्रेमाने पालटतं, हेच तारण. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ही वसुलीची भाषा कधी फारशी जवळ केलीच नाही.

पायवाट
@नगरी_उपासक, पैशाचा दंड दुसऱ्याने भरला तर कोर्ट घेतं. फाशी दुसऱ्याने घेतली तर घेत नाही. आणि तुमच्याच उदाहरणातल्या त्या जळालेल्या पोरीचं काय? न्यायाधीश आणि आरोपी यांचं परस्पर मिटलं. तिला कोणी विचारलं?

वसईकर_मधला
हे बोचलं, आणि बोचायलाच हवं. पण लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय बघा. हा जकातदारांचा मुख्य. येशू घरी आल्यावर म्हणतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. 'आज या घराला तारण लाभलं' हे येशू त्यानंतर म्हणतो. नाडलेल्यांना वगळून तारण नाही.

पायवाट
जक्कय मलाही आवडतो. पण तेव्हा क्रूस झालाच नव्हता! तारण त्याआधीच मिळालं. मग रक्त कशासाठी?

नगरी_उपासक
रोमकरांस पत्र ३:२५ वाचा. आधीची पापं देवाने सहनशीलतेने तशीच राहू दिली होती, क्रूसाने त्यांचाही निवाडा झाला. जक्कयची उधारी होती म्हणा. उरलेलं संध्याकाळी लिहितो, आत्ता उपासनेला निघालोय.

पायवाट
उधारी म्हटलीत म्हणजे परत अन्सेल्मच्या वहीवर आलात. संध्याकाळी या, वाट बघतो.