प्रतिसाद: कार्डूनचा कडूपणा

कार्डून (देठ खायची एक काटेरी भाजी) दोनदा पाणी बदलून उकडलं तरी कडूच लागलं, हे वर वाचलं. पाणी बदलायलाच हवं, पण खरं काम त्याआधी शेतात असतं. काढणीआधी दोन-तीन आठवडे देठांची जुडी बांधून ती झाकायची, उजेड लागू द्यायचा नाही. मग देठ पांढुरके, कोवळे होतात आणि कडूपणा बराच उतरतो. इटलीत पिएमोंतेमध्ये निझ्झा मोन्फेर्रातोला तर झाड वाकवून मातीत पुरतात. मी नाशिकजवळ मखमलाबादला भावाच्या मळ्यात, द्राक्षांच्या बांधाला चार झाडं लावली होती. दोन गोणपाटात गुंडाळली, दोन उघडी ठेवली. डिसेंबरात एकाच दिवशी, एकाच पातेल्यात शिजवली. उघड्यांचा घास घरात कुणाला गिळवला नाही, झाकलेली संपली.

आणखी एक, ही करडईच्या कुळातलीच वनस्पती, आर्टिचोकची (जिच्या फुलाच्या कळ्या खातात, तिची) तर सख्खी बहीण. म्हणून काटे सांभाळा, हातमोजे घालूनच कापा. शेवग्यासारखे दोरे निघतात, ते पार शेंड्यापर्यंत ओढून काढा, एक राहिला तरी दाताखाली येतो. चिरलेले तुकडे केळफुलासारखे काळे पडतात, लगेच लिंबाच्या पाण्यात टाका. मीठ घालून अर्धा-पाऊण तास उकडा, पाणी ओतून द्या. मग लसणाची सढळ फोडणी आणि करडईच्या भाजीला पेरतो तसं डाळीचं पीठ. बाजरीच्या भाकरीबरोबर फार सुरेख लागते. गरम मसाला मात्र घालू नका, तिची मूळ चव अगदी नाजूक असते, ती हरवते.