मदत हवी आहे: साबुंना 'बॉम्बे बीच' बघायचाय! (कॅलिफोर्नियाचं वाळवंट, तीन दिवस)

नमस्कार मंडळी,

साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) डिसेंबरात दादरहून आमच्याकडे येतायत. आम्ही लॉस एंजेलिसच्या बाजूला राहतो. व्हेगास, ग्रँड कॅन्यन, डिस्ने हे सगळं मागच्या खेपेला उरकलं. या वेळी काय बघायचंय विचारलं तर साबु म्हणाले, "बॉम्बे बीच." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही! फोनवर नकाशा चाळताना सॉल्टन सी नावाच्या खाऱ्या तळ्याच्या पूर्व काठावर त्यांनी हे गाव शोधून काढलंय. त्या पाटीखाली फोटो काढायचाच आहे. "आपण १९९५ साली नाव बदललं, त्यांनी अजून जपून ठेवलंय" हा युक्तिवाद.

मग मी शोधायला बसले आणि यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढत गेली. कॅबझॉनचे डायनोसॉर, क्रोशाचं म्युझियम (साबा आयुष्यभर क्रोशा विणत आल्यात, हे चुकवलं तर माझं काही खरं नाही), नुसत्या केळ्यांचं म्युझियम, रंगवलेली टेकडी, शुक्रावरच्या माणसाच्या सल्ल्याने बांधलेला घुमट, बोरेगो स्प्रिंग्सचे लोखंडी प्राणी, बेकरचा उंच थर्मामीटर, फेलिसिटी गावातला 'जगाचा अधिकृत मध्यबिंदू'.

साबांचे गुडघे दुखतात. साबु ७४ वर्षांचे, बीपीच्या गोळीमुळे दर दीड तासाने बाथरूम लागतं. भाड्याची व्हॅन घेणार आहोत. नवरा म्हणतो, तीन दिवसांत सगळं होईल. मला शंका आहे. कोणी ज्येष्ठांना घेऊन या भागात गेलंय का? काय गाळू आणि मुक्काम कुठे करू?

प्रतिसाद १

नवऱ्याला नकाशा नीट बघायला सांगा. बेकर आय-१५ महामार्गावर, पार उत्तरेला. फेलिसिटी आय-८ वर, अ‍ॅरिझोनाच्या हद्दीजवळ. दोन्ही सरळ काट मारा. थर्मामीटर १३४ फूट उंच आहे, कारण १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत १३४ फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ५७ सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. किस्सा झकास आहे, पण बघायचं म्हणाल तर तो एक खांबच. व्हेगासला गाडीने गेला असाल तर त्याच्या शेजारून गेलाही आहात.

प्रतिसाद २

कॅबझॉन मात्र सोडू नका, आय-१० ला अगदी लागूनच आहे. क्लॉड बेल नावाच्या माणसाचं तिथे हॉटेल होतं. गिऱ्हाइकाने थांबावं म्हणून आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी'ची पाटी रंगवतात, याने १९६४ मध्ये दीडशे फुटी ब्रॉन्टोसॉरस बांधायला घेतला. दहाएक वर्षं लागली. मग शेजारी टी-रेक्स. त्याच्या पोटात दुकान आहे (ब्रॉन्टोसॉरसच्या). हॉटेल २०१३ मध्ये बंद पडलं, डायनोसॉर अजून उभे आहेत. बाथरूम, खाणं, पेट्रोल सगळं त्याच एक्झिटला मिळतं, त्यामुळे तुमचा पहिला थांबा आपोआप ठरला.

क्रोशाचं म्युझियम जोशुआ ट्री गावात आहे. म्युझियम म्हणजे काय, तर पूर्वी गाडीत बसूनच फोटोचे रोल धुवायला द्यायची टपरी असायची, तसली एक पोपटी टपरी. आत नुसते विणलेले प्राणी. पाच मिनिटांत बघून होतं. साबांना अर्धा तास धरा, त्या टाके मोजतील. तिथून जवळच नोहा प्युरिफॉय यांचं उघड्यावरचं कलादालन आहे. १९८९ मध्ये ते वाळवंटात राहायला आले आणि २००४ मध्ये वारले तोपर्यंत जुने टीव्ही, कमोड, टायर, ट्रे जोडून शिल्पं करत राहिले. तिकीट नाही. जमीन वाळूची आहे, काठी असेल तर घ्या.

शुक्रावरचा घुमट म्हणजे लँडर्सचं इंटिग्रेट्रॉन. जॉर्ज व्हॅन टॅसलने १९५०च्या दशकात बांधायला घेतलं, लाकडी, खिळे न ठोकता. आता तिथे चटईवर आडवं पडून स्फटिकाच्या वाडग्यांचे सूर ऐकायचे असतात. आगाऊ बुकिंग लागतं. गुडघेवाल्यांनी जमिनीवर झोपायचं आणि उठायचं, हा विचार करा. (आमचे बाबा सुरुवातीलाच घोरायला लागले. पैसे वसूल, असं म्हणाले.)

प्रतिसाद ३

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सातासमुद्रापलीकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना उकिरडे दाखवायला नेताय का? सॉल्टन सीला वास मारतो. काठावर मेलेले मासे. ती रंगवलेली टेकडी आहे तिथली स्लॅब सिटी ही वस्ती म्हणजे वीज नाही, नळ नाही, गटार नाही. सँटा बार्बराला न्या, छान समुद्र आहे.

धागाकर्ती

छान समुद्र त्यांनी पाहिलाय हो, घरून चालत दहा मिनिटांवर होता. त्यांना हाच बघायचाय.

प्रतिसाद ४

वास येतो हे खरं, पण उन्हाळ्यात जास्त. डिसेंबरात बऱ्यापैकी सुसह्य असतो. आणि तो उकिरडा का झाला, हीच तर बघण्यासारखी गोष्ट आहे. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीने शेतीसाठी खणलेल्या कालव्याचा काठ फोडला आणि जवळजवळ दोन वर्षं ती या खोलगट वाळवंटात येत राहिली. तळं झालं ते अपघाताने! पन्नास-साठच्या दशकांत तिथे होड्या, हॉटेलं, सुट्टीची गर्दी होती. बाहेर पडायला वाट नाही, पाणी फक्त आटतं, शेतातून येणारे क्षार साठत जातात. खारटपणा समुद्राच्या वर गेला, मासे मेले, माणसं निघून गेली. बॉम्बे बीच समुद्रसपाटीच्या सव्वादोनशे फूट खाली आहे. २०१६ पासून कलाकार तिथे येऊन पडक्या घरांत आणि काठावर काय काय उभं करून ठेवतात. पायाखाली जे कुरकुरतं ती वाळू नव्हे, बार्नॅकलची (खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या जलचरांची) कवचं आणि माशांची हाडं असतात. चपला नकोत, बूट घाला.

एक सुचवतो. काठ पूर्वेचा, म्हणजे तोंड पश्चिमेला. दादर चौपाटीसारखाच सूर्य समोर पाण्याकडे मावळतो, फक्त इथे पलीकडे डोंगर आहेत. तेव्हा बॉम्बे बीच संध्याकाळसाठी ठेवा. आधी सरळ नायलंड गावापर्यंत खाली जाऊन टेकडी बघा आणि परत वर या. डिसेंबरात पावणेपाचच्या आत सूर्य जातो, हिशेब तसा करा.

टेकडी म्हणजे सॅल्व्हेशन माउंटन. लेनर्ड नाइट या एकट्या माणसाने माती, गवताचा पेंढा आणि लोकांनी आणून दिलेला रंग यांतून उभी केली. पहिली टेकडी १९८९ मध्ये ढासळली, तर गड्याने पुन्हा सुरुवात केली. साबांनी खालूनच बघावी, चढ आहे.

प्रतिसाद ५

आमच्यावर बेतलेलं सांगते. बॉम्बे बीचला पाण्याजवळ फोटो चांगला येईल म्हणून नवऱ्याने भाड्याची गाडी काठावर घातली. वरून कडक दिसतं, पण पापडीखाली निव्वळ चिखल. गाडी बुडापर्यंत बसली. ओढून काढणारा ट्रक यायला तीन तास, आणि भाड्याच्या कंपनीने करारातलं बारीक अक्षर दाखवलं: डांबरी रस्ता सोडलात तर विमा लागू नाही. गाडी गावातल्या रस्त्यावर ठेवा, पुढे चालत जा.

दुसरं, कोणी सांगत नाही ते. नायलंडहून १११ नंबरच्या हायवेने उत्तरेकडे परतताना बॉर्डर पॅट्रोलची (सीमेवरच्या गस्ती पोलिसांची) चौकी लागते. सगळ्यांना थांबवतात, नागरिकत्व विचारतात. साबा-साबुंचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत जवळ हवी, तुमची ग्रीन कार्डं किंवा व्हिसाची कागदपत्रंही. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

धागाकर्ती

चौकीचं खरंच माहीत नव्हतं. पासपोर्ट घरी लॉकरमध्ये ठेवून निघालो असतो!

आता असं ठरतंय. पहिला दिवस कॅबझॉन, क्रोशा, प्युरिफॉय, मुक्काम जोशुआ ट्रीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी जोशुआ ट्री नॅशनल पार्कमधून दक्षिणेला आय-१० वर उतरायचं, मग केळ्यांचं म्युझियम, टेकडी, बॉम्बे बीच आणि रात्री इंडिओ. तिसऱ्या दिवशी बोरेगो करून घरी. घुमट कटाप.

प्रतिसाद १

आता कसं, माणसात आलात. पार्कमध्ये पेट्रोल मिळत नाही आणि पाणीही कडेलाच, आत नाही. आदल्या रात्री टाकी आणि बाटल्या भरून ठेवा. बाथरूम कॉटनवुडच्या व्हिजिटर सेंटरला आहे, पुढे तळ्याकाठच्या स्टेट रिक्रिएशन एरियात. केळ्यांचं म्युझियम रोज उघडं नसतं, निघण्याआधी वेळ तपासा. वीस हजारांवर वस्तू आहेत, सगळ्या केळ्याच्या.

बोरेगोला रिकार्डो ब्रेसेडा यांची शंभराहून जास्त लोखंडी शिल्पं उघड्या माळावर विखुरलीत. सगळी बघायला जाऊ नका. ३५० फुटी नागाकडे जा. अंग असं बसवलंय की तो डांबरी रस्त्याखालून पलीकडे निघाल्यासारखा वाटतो. बोरेगो स्प्रिंग्स रोडवरून गाडीत बसूनही दिसतो, साबांना उतरावं लागणार नाही.

धागाकर्ती

धन्यवाद सगळ्यांना! आत्ताच फोन झाला. साबुंचा शेवटचा प्रश्न: बॉम्बे बीचला भेळ मिळते का?

प्रतिसाद ५

नाही मिळत. घरून न्या, पण तिथे वारा फार असतो. चटण्या-कांदा डब्यात आणि कुरमुरे गाडीतच कालवा, नाहीतर अर्धे तळ्यात जातील.