लिनिया टी-जेट देऊन सहा माणसांची गाडी: करूळ घाट, जांभ्याचा रस्ता आणि दोन चाइल्ड सीट

खाडीकाठ_देवगड

नमस्कार मंडळी. फियाट लिनिया टी-जेट, २०११, एमएच-०७, एकच मालक. १३६८ सीसी टर्बो पेट्रोल, ११४ पीएस, २०७ न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क. गाडी आजही ठणठणीत आहे. तिचं हायड्रॉलिक स्टीअरिंग आणि घाटातली पकड आजच्या गाड्यांत सापडत नाही, त्यामुळे निर्णय जड जातोय. पण येत्या नोव्हेंबरात आरसीला १५ वर्षं पूर्ण होतात आणि आता घरात माणसं सहा आहेत: आम्ही दोघं, आई-बाबा, मुलगी ६ वर्षांची, मुलगा ९ महिन्यांचा. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. लिनियाच्या खाली बसलेल्या सीटमधून उठताना तिला हात द्यावा लागतो.

वापर असा: रोज देवगड–जामसंडे, म्हणजे जेमतेम तीन-चार किलोमीटर. महिन्यातून एकदा करूळ घाटाने कोल्हापूर, सगळे मिळून. गणपतीत आणि मे महिन्यात जयगड–तवसाळ फेरीबोटीने गुहागरकडे. मोसमात आंब्याच्या पाच डझनांच्या सात-आठ पेट्या एसटी स्टँडपर्यंत. घराकडचा शेवटचा टप्पा जांभ्याचा आहे आणि मध्ये पाण्यासाठी आडवा चर काढलाय.

बजेट १३ लाख, सगळं धरून. नवी किंवा तीन-चार वर्षं वापरलेली, दोन्ही चालेल. यादीत अर्टिगा, एक्सएल६, कॅरेन्स, ट्रायबर आणि मनाच्या ओढीने कुशाक. टर्बोची सवय झाल्यावर साधं पेट्रोल इंजिन सहा माणसं घेऊन घाट चढेल का? आणि लिनिया विकावी की ठेवावी?

घाटवळण

कुशाक आधी बाजूला काढा. १.० टीएसआय मॅन्युअल (११५ पीएस, १७८ न्यूटन-मीटर) चालवायला तुमच्या टी-जेटच्या सर्वात जवळची आहे, ग्लोबल एनकॅपचे (गाड्यांची धडक-चाचणी घेणारी संस्था) पाच तारेही आहेत, पण सीट पाच आणि माणसं सहा. ट्रायबर गावात उत्तम. ७२ पीएस आणि ९६ न्यूटन-मीटरवर सहा माणसं, एसी आणि करूळ म्हणजे पहिला-दुसरा गिअर आणि मागे गाड्यांची रांग. तीही नको.

अर्टिगा आणि एक्सएल६ चं इंजिन एकच: १.५ लिटर, १०३ पीएस, १३७ न्यूटन-मीटर. घाट नक्की चढते. फरक टॉर्क (इंजिनाची ओढ, न्यूटन-मीटरमधली) कुठे मिळतो याचा आहे. तुमच्या गाडीत पूर्ण टॉर्क २२०० आरपीएमला हजर असतो, अर्टिगात ४४०० ला. टी-जेटच्या सवयीने तिसऱ्यात १८०० वर पाय दाबलात तर गाडी नुसती गुरगुरेल, इंजिन ठोके देईल आणि तुम्हाला वाटेल की हिच्यात दमच नाही. वळणाच्या आधीच दुसरा टाका, ३००० च्या वर ठेवा आणि वळण संपेपर्यंत सोडू नका. आवाज होईल, होऊ द्या, ते इंजिन त्यासाठीच बनवलंय. ओव्हरटेकला मात्र टी-जेटपेक्षा बरीच जास्त मोकळी जागा धरायला लागेल. पहिले काही महिने हीच गोष्ट सर्वात धोक्याची, कारण जुना अंदाज पायात बसलेला असतो.

कॅरेन्स डिझेल (२५० न्यूटन-मीटर, १५०० पासून) घाटाला राजा आहे, पण रोजच्या तीन किलोमीटरला नको. बीएस-६ डिझेलच्या डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी साठते आणि ती जळायला सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावरचा वेग लागतो. जामसंड्याच्या फेरीत इंजिन नीट तापतही नाही. अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनचं (काजळी जाळण्याच्या फेरीचं) डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते, मग दिवा लागतो.

म्हणून माझं मत: २०२२ ची कॅरेन्स, १.४ टर्बो पेट्रोल, सहा गिअर मॅन्युअल. १४० पीएस, २४२ न्यूटन-मीटर, तेही १५०० पासून. तीन रांगा, डीपीएफची कटकट नाही, आणि पाय ठेवल्यावर टी-जेटसारखी पुढे सरकते. २०२३ मध्ये हे इंजिन जाऊन १.५ टर्बो आलं आणि मॅन्युअलच्या जागी आयएमटी (क्लच पेडल नसलेला मॅन्युअल), त्यामुळे शोध २०२२ च्याच गाडीचा घ्या. ७ गिअरची डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) टाळा. क्लच कोरडा आहे. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की तो तापतो.

अर्टिगा घेतलीत तर उतरताना लक्षात असू द्या, मागे ड्रम ब्रेक आहेत. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, आपल्या दमट हवेत ते पाणी लवकर ओढतं.

मागची_रांग

इंजिनाआधी कोण कुठे बसणार हे कागदावर मांडा. बहुतेकांची सात सीटची गाडी इथेच फसते.

आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे) हूक दुसऱ्या रांगेच्या दोन्ही कडेच्या सीटला असतात. तिसऱ्या रांगेत जायचं तर दुसऱ्या रांगेची डावी सीट उलटून पुढे घ्यावी लागते. त्या सीटवर चाइल्ड सीट बसवलेली असेल तर ती उलटत नाही. दोन्ही कडांना दोन चाइल्ड सीट लावल्या की तिसरी रांग फक्त डिकीतून गाठता येते, म्हणजे वापरातून गेलीच.

तुमच्या घरासाठी मांडणी अशी: आई पुढे, चालकाशेजारी. बाळाची सीट दुसऱ्या रांगेत उजवीकडे, मागे तोंड करून. डावीकडे बाबा. मुलगी तिसऱ्या रांगेत बूस्टरवर, तिच्या शेजारी तिची आई. बूस्टरला आयसोफिक्स लागत नाही, तीन-बिंदू पट्टा पुरतो आणि मुलीला तो उंची साधारण १४० सेंटिमीटरच्या पुढे जाईपर्यंत लागेल. पट्टा खांद्याच्या मधून आणि खाली मांडीच्या हाडावरून गेला पाहिजे. मानेला किंवा पोटावर येत असेल तर बूस्टर बदला. बाळाला पुढच्या सीटवर मागे तोंड करून कधीही ठेवू नका, एअरबॅग सीटच्या पाठीवरच आदळते.

मागे तोंड केलेली बाळाची सीट लांबीला बरीच जागा खाते, म्हणून चालकाची सीट तुमच्या मापावर लावून मग ती बसते का ते पाहा. शोरूमला जाताना दोन्ही सीट आणि आईला सोबत न्या. आईने आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा वर आला तर सीट खाली आहे. आत शिरताना उंबऱ्यावरून पाय फार उचलावा लागला तर गाडी उंच आहे. अर्टिगा आणि कॅरेन्स या दोन टोकांच्या मध्ये बसतात, म्हणून गुडघ्याच्या माणसांना उंच एसयूव्हीपेक्षा याच बऱ्या.

सुरक्षेचंही बोलायला हवं. ग्लोबल एनकॅपने २०२४ मध्ये दोन एअरबॅगची अर्टिगा तपासली तेव्हा मोठ्यांसाठी एकच तारा मिळाला. सहा एअरबॅग पुढे २०२५ मध्ये सगळ्या व्हेरिअंटना आल्या. कॅरेन्सला २०२२ च्या चाचणीत तीन तारे होते. अर्टिगा वापरलेली घेणार असाल तर एअरबॅग मोजूनच घ्या.

खाडीकाठ_देवगड

बसण्याची मांडणी बाबांना दाखवली, त्यांना मान्य आहे. दोन गोष्टी राहिल्या. एक्सएल६ मध्ये दुसऱ्या रांगेत कॅप्टन सीट (दोन सुट्या खुर्च्या) आहेत, मधून मागे जाता येतं, मग तीच का नको? आणि एक वापरलेली कॅरेन्स चिपळूणला आहे, घरचे म्हणतात चिपळूणची गाडी म्हणजे पुराची. काय बघू?

पत्रा_प्रायमर

वरच्यांनी इंजिनाचा आणि सीटचा सगळा सांगितल्यानी, मी पत्र्याचा सांगतंय.

एक्सएल६ ची मधली वाट खरी आहे, पण इंजिन अर्टिगाचंच आणि दुसऱ्या रांगेत दोनच माणसं. पुढे मुलगी मोठी झाल्यावर आजोबांच्या शेजारी बसेल म्हणाली तर सोय नाही. पेट्यांसाठी सीट सपाट करायची तर तीन सीटचा बाकच बरा. अर्टिगात तिसरी रांग पाडली की ५५० लिटर मिळतात, उभी असताना फक्त २०९. पाच डझनांची पेटी आंबा धरून पंधरा किलोच्या वर जाते, म्हणजे आठ पेट्या दोन माणसांच्या वजनाइतक्या. त्या मागच्या दाराला टेकवू नका, दुसऱ्या रांगेच्या पाठीला चिकटवून लावा आणि मागच्या चाकांत हवा दारावरच्या स्टिकरमधल्या पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरा. सहा माणसं असताना सामान टपावर टाकायचं तर हलकंच, कपड्यांच्या बॅगा वगैरे. वजन वर गेलं की वळणात गाडी कलते.

आता चिपळूण. महापूर आला २२ जुलै २०२१ ला आणि कॅरेन्स बाजारात आली फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्या पुरात ती सापडणं शक्यच नाही. २०२१ च्या आधीची अर्टिगा असती तर शंका रास्त होती. तरीही पाणी दुसरीकडे कुठेही शिरू शकतं, त्यामुळे तपासणी करायचीच. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ रेषा दिसली की उठून या. पुढच्या सीटखाली वायरींचे कनेक्टर असतात, पिना हिरव्या-पांढऱ्या पडल्यात का बघा. सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट, दाराच्या रबरी बीडिंगमागची फट, कार्पेटखालचा फोम, फ्यूजबॉक्सचा तळ. नवं कार्पेट आणि अत्तराचा भरपूर वास दिसला तर शंका वाढवा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून एअरबॅगचे जुने कोड वाचा आणि नोंदणी क्रमांकावरून सर्व्हिसचा इतिहास मागवा.

गंज वेगळा, तो खाऱ्या वाऱ्याचा. गाडी लिफ्टवर चढवा. पुढचा सबफ्रेम (इंजिनाखालची लोखंडी चौकट), लोअर आर्मचे जोड, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि सायलेन्सरचे वेल्डिंग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. तांबूस पावडर चालेल, पापुद्रे सुटले तर नाही. ताजं काळं रबरी कोटिंग दिसलं तर खाली काय झाकलंय ते विचारा. गंजावर मारलेलं कोटिंग पाणी आत कोंडतं आणि पत्रा आतून जातो. तुम्ही घेतलेल्या गाडीला मे महिन्यात, खालून धुऊन दोन दिवस कडक वाळवून, पोकळ भागांत मेणाचा स्प्रे करून घ्या. दाराखालची आणि सिलमधली (उंबऱ्याच्या पोकळ पत्र्यातली) निचऱ्याची भोकं बुजवू देऊ नका.

क्लिअरन्सचे (गाडीचं पोट आणि रस्ता यांतल्या अंतराचे) आकडे रिकाम्या गाडीचे असतात. कॅरेन्सचे १९५ मिलिमीटर सहा माणसांनी बरेच खाली येतात, आणि तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २७८० आहे, लिनियाचा २६०३. नाक वाचेल, पोट टेकेल. घराजवळचा चर तिरका ओलांडा, एका वेळी एक चाक. फेरीबोटीला ओहोटीच्या वेळी उतार खडा होतो, तेव्हा माणसं आधी उतरवा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये चढवा, अर्धा क्लच धरून रेंगाळू नका. टेस्ट ड्राइव्ह सहाही जणांना बसवूनच घ्या.

टायमिंग_बेल्ट

लिनियाबद्दल. ठेवायची इच्छा समजते, पण समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. डिस्कवर गंज चढून पॅड चिकटतात, कॅलिपरच्या पिना जाम होतात. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेत पाणी ओढतं आणि २०११ च्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. दर आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर चालवणार असाल आणि छप्पर असेल तरच ठेवा.

ठेवलीत तर आरसी संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत फॉर्म २५ (आरसी नूतनीकरणाचा) भरा. फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, उशिराला महिन्याला ५०० दंड, शिवाय पर्यावरण कर. १००० ते १५०० सीसीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने ३,४१६ आणि वर जीएसटी. टायमिंग बेल्ट किलोमीटर कमी झाले तरी वयाने बदलायचा असतो. टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला, कारण या इंजिनात बेल्ट तुटला की वॉल्व्ह वाकतात. ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०. सस्पेन्शनचे बरेच भाग पुंटोचे चालतात, टर्बो आणि सेन्सर शोधून आणावे लागतात.

विकायची असेल तर एक्स्चेंजला देऊ नका. तिथे वय बघून भाव करतात, टी-जेटची किंमत तिच्या चाहत्यांनाच कळते. गिऱ्हाईक पुणे-कोल्हापूरकडे शोधा. बेल्टचं बिल, दोन्ही किल्ल्या, मूळ अलॉय चाकं आणि लिफ्टवरचे खालचे फोटो आधीच तयार ठेवा. नोव्हेंबरच्या आत विका, आरसी संपलेली गाडी कोणी सहज घेत नाही. जुन्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसवलेली हवी.

कागद: मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ३५, गाडी राज्याबाहेर जाणार असेल तर २८ ची एनओसी. आरटीओला विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. घेणारा करेल म्हणून सोडू नका, नोंद पुढच्या माणसाच्या नावावर जाईपर्यंत अपघाताचं लचांड तुमच्या नावावर येतं. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि सवलत फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) भागावर मिळते. वापरलेली कॅरेन्स घेतलीत तरी ते लागू होतं, फक्त तिच्या आधीच्या मालकाचा एनसीबी तुमच्या पॉलिसीत आलेला नाही ना, हे बघून घ्या. तसा आला असेल तर क्लेमच्या वेळी कंपनी अडवते.