वयस्कर वडिलांसाठी कुत्रा की मांजर? जाणकारांचा सल्ला हवा आहे

माझे वडील ७४ वर्षांचे असून आई गेल्यापासून एकटेच राहतात. प्रकृती तशी बरी आहे. मात्र हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कायमच्या सुरू आहेत आणि एक गुडघा अधूनमधून दुखतो. घरात एखादा मुका सोबती असावा, ही इच्छा त्यांनी स्वतःच बोलून दाखवली आहे. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण मुलांनी परस्पर ठरवून आईवडिलांच्या गळ्यात पिल्लू बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विषयावर वाचताना १९८० सालच्या एका अमेरिकी अभ्यासाचा हवाला वारंवार मिळतो. त्यात हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला होता. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३ आणि न पाळणाऱ्या ३९ जणांपैकी ११ जण त्या काळात दगावले. आकडे बोलके आहेत. तरी ज्यांच्या अंगात ताकद असते तेच प्राणी पाळतात, ही शक्यता अशा तुलनेत उरतेच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये घेतलेली भूमिका मला अधिक पटते: प्राणी, विशेषतः कुत्रा, पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होण्यास हातभार लागू शकतो, परंतु मुख्यतः त्याच हेतूने प्राणी घरी आणू नये.

वडिलांच्या बाबतीत मला खरा लाभ दिसतो तो दिनक्रमाचा. एकट्या माणसाचे वेळेवर उठणे, जेवणे, फिरायला जाणे सहज उद्यावर ढकलले जाते. कुत्र्याला मात्र ठरलेल्या वेळी बाहेर न्यावेच लागते आणि त्याच्या निमित्ताने वाटेत भेटणाऱ्यांशी चार शब्द बोलणेही होते. शिवाय आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही भावना निवृत्त माणसाला किती बळ देते, हे वेगळे सांगायला नको.

काळजी आहे ती पडण्याची. पट्टा लावून कुत्रा फिरवताना ६५ वर्षांवरील व्यक्तींची हाडे मोडण्याच्या घटना अमेरिकेत २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक झाल्या आणि त्यांत खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. म्हणूनच पिल्लाऐवजी चार-पाच वर्षांचा, मध्यम किंवा लहान चणीचा, शी-शूची सवय लागलेला आणि पट्टा न ओढणारा कुत्रा पाहावा, असा माझा विचार आहे. असा कुत्रा पारखून घेताना नेमके काय पाहावे? छातीभोवतीच्या हार्नेसमुळे हिसका खरोखर कमी बसतो का, की ओढण्याची सवय असलेल्या कुत्र्याला त्याने अधिकच जोर मिळतो? काही दिवस घरी ठेवून मगच दत्तक घेण्याचा निर्णय कोणी घेतला असल्यास तो अनुभव अवश्य लिहावा.

मांजर आणल्यास फिरवण्याचा प्रश्न मिटतो, पण वडिलांची त्वचा वयोमानाने पातळ झाली आहे आणि गोळ्यांमुळे साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. नखे नियमित कापणे कितपत पुरेसे ठरते? मांजरीच्या विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्माचे जंतू संसर्गजन्य होण्यास किमान एक दिवस लागतो, त्यामुळे तिची मातीची पेटी रोज स्वच्छ करावी लागते. गुडघा दुखत असताना वाकून हे काम करण्यासाठी कोणी काही सोय केली आहे का?

कुत्रा किंवा मांजर सहज दहा-बारा वर्षे जगते. वडिलांना रुग्णालयात राहावे लागले किंवा पुढे सांभाळणे जमेनासे झाले, तर प्राण्याची जबाबदारी मी घेणार आहे. परंतु त्याला माझ्या घराची सवय आधीपासून कशी लावावी, याविषयी मार्गदर्शन हवे आहे.

मासे किंवा पक्षी यांचे पर्याय कृपया सुचवू नयेत. वडिलांना पिंजरा आणि काचेची पेटी दोन्ही नको आहेत.