मुलांच्या कॉलेजची फी: पैसे कधी लागले, कुठून आले?

लेक पुढच्या वर्षी बारावीला. रविवारी रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. पीपीएफ, एक एलआयसी, थोड्या एफडी. बेरीज बरी दिसते. पण ज्यांची मुलं पुढे गेली ते सांगतात, पैसा होता, वेळेला हातात नव्हता. म्हणून विचारते: अ‍ॅडमिशनच्या आठवड्यात तुमच्या हातात काय होतं? कमी पडलं ते कुठून आणलंत? आकड्यांसकट लिहा, आमच्यासारख्यांना फार उपयोग होईल.

सातारा, मुलाची आई
आमचं अडलं ते कागदांपायी. मुलगा ओपनमधून, कॅप राउंडने (सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून) पुण्याला इंजिनिअरिंगला लागला. उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणजे राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी सुटणार, असं धरून चाललो होतो. कॉलेजने आधी पूर्ण फी भरून घेतली, महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आले की बघू म्हणाले. ते आले पुढच्या वर्षी. तोवर दिरांकडून 60 हजार घेतले होते. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस यातलं काहीच त्या निम्म्यात येत नाही. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचा वेगळा अर्ज असतो, तो आम्हाला दुसऱ्या वर्षी कळला.

ताई, एप्रिल उजाडला की उत्पन्नाचा दाखला काढा, त्याची मुदत 31 मार्चपर्यंतच असते. डोमिसाईल आत्ताच काढून ठेवा. लेकीच्या नावाचं खातं आधारशी जोडून घ्या. निकालानंतर दाखल्यांच्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. माझी निळी फाईल अजून कपाटात आहे, झेरॉक्सचे चार संच, प्रत्येक कागदावर पेन्सिलीने नंबर. धाकटीसाठी तीच वापरणार.

कोल्हापूर, मुलीचे बाबा
2015 मध्ये सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं तेव्हा लेक आठ वर्षांची होती. महिना 2,000 भरले, एकही हप्ता चुकवला नाही. गेल्या वर्षी पासबुकात साडेतीन लाखांच्या वर होते. शिक्षणासाठी आदल्या मार्चअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच काढता येतात, आणि तेही अ‍ॅडमिशनचं पत्र किंवा फीची स्लिप दाखवून. पोस्टात कागद जमवेपर्यंत कॉलेजची मुदत संपत आली होती. पहिला हप्ता एफडी मोडून भरला. तेव्हा हातात मोकळे लाखभर तरी वेगळे ठेवा.

अमरावती
मुलगी आहे तर 8 जुलै 2024 चा जीआर जरूर वाचा. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसीतल्या आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रम मिळाला तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आमच्या पुतणीला मिळाली.

नागपूर, कर्ज घेतलेला बाप
चार वर्षांत सहा लाख कर्ज, वर्षाला दीड लाख या हिशोबाने बँक थेट कॉलेजला देत गेली. साडेसात लाखांच्या आत असल्याने तारण द्यावं लागलं नाही. कोर्स संपून वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे अर्ध्या लोकांना ठाऊकच नसतं. आमचा दर 10 टक्क्यांच्या आसपास. मी पहिल्या महिन्यापासून व्याज भरत गेलो: पहिल्या वर्षी महिना 1,250, चौथ्या वर्षी 5,000. मुलाला नोकरी लागली तेव्हा मुद्दल सहा लाखच होतं, रुपया वाढला नव्हता. मला विचाराल तर एवढं कराच. जुन्या करप्रणालीत राहिलात तर या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सवलतही मिळते.

पुणे, मुलगा जर्मनीत
सरकारी विद्यापीठ, फी जवळजवळ नाही. पण व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो आधी भरून दाखवावे लागले. ते दरमहा 992 करून त्यालाच खर्चाला मिळतात, तरी एकरकमी दहा लाखांच्या वर उभे करणं आलंच. त्यासाठी गावचा प्लॉट विकला. वर्षभर आधी विकायला काढला होता म्हणून किंमत बरी आली.

निफाड, द्राक्षवाले
नोकरदारांचं तरी पगाराला पगार असतं. आमचे पैसे मार्च-एप्रिलात येतात, लगेच खरड छाटणी, मजुरी, औषधं. फी ऑगस्टात. थोरल्याच्या वेळी ऑगस्टात हात रिकामे होते. अवकाळीने बाग झोडपली होती, तेव्हा पाटल्या सोनेतारणाला ठेवल्या. बँकेत त्या चिंधीत गुंडाळून नेल्या होत्या. सराफाने वजन केलं, आणि आमची ही ती चिंधी घडी घालून परत पिशवीत ठेवत राहिली. तेव्हापासून व्यापाऱ्याचा चेक वटला की पहिली ठेवीची पावती हिच्या नावाने करतो, पाच महिन्यांची, ऑगस्टात सुटेल अशी. मग छाटणीचा हिशोब. पाटल्या दोन वर्षांनी सोडवल्या. धाकटीची तीन वर्षांची फी त्या पावत्यांतूनच गेली.