ट्रेलरच्या मागच्या बंपरवर सायकली आणि जनरेटर: मजबुती नेमकी कुठे द्यायची?

एमपी०९_भटक्या (इंदूर)
एका धुऱ्याचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे. नेहमीच्या सामानासकट ९०० किलो, त्यातले ९० किलो नाकावर, म्हणजे गाडीच्या हिचला जोडणाऱ्या कपलरवर. मागचा बंपर १०० × १०० मिमीचा चौकोनी पाइप आहे, पण पत्रा जेमतेम २ मिमी, आणि चासीच्या दोन्ही रेलच्या (लांबीच्या तुळयांच्या) टोकांना नुसता वेल्ड केलेला. त्यावर दोन सायकली (३० किलो), छोटा जनरेटर (२१) आणि स्टँड (९), असे ६० किलो टांगायचे आहेत. लोहा मंडीत तोच पाइप ५ मिमी जाडीत मिळतो. जुना कापून हा बसवला की काम झालं का? जाणं-येणं जाम घाटातून मंडलेश्वर-महेश्वरकडे. मापं: हिचचा गोळा ते धुरा ४ मीटर, धुरा ते बंपर २.२ मीटर.

सियागंजचा_नटबोल्ट
नाही झालं. वेल्डर म्हणेल, "हाथी बिठा दो साब", पण पाइप जाड केल्याने कमजोर जागा बदलत नाही. बंपर मधे वाकून क्वचितच तुटतो; तो पिळला जातो आणि टोकाचा वेल्ड वरच्या बाजूने फाटतो.

हिशोब बघा. स्टँडवरच्या सामानाचा मध्य बंपरच्या ४० सेंमी मागे धरा. ६० किलो × ०.४ मी = २४ किलो-मीटर. खड्ड्यात ट्रेलरचं शेपूट उसळतं, तेव्हा तिप्पट धरायलाच हवं: ७२. हा सगळा पीळ १०० मिमी उंचीच्या वेल्डवर येतो, म्हणजे वरच्या कडेला ७२० किलोची ओढ, एकेका टोकाला ३६०. आणि तो वेल्ड रेलच्या पातळ पत्र्यावर. वेल्ड टिकला तर त्याच्या शेजारचा पत्रा फाटेल.

शिवाय १.८ मीटर लांबीचा २ मिमीचा पाइप साधारण ११ किलो, ५ मिमीचा २६. पंधरा किलो लोखंड वाढवलं, तेही सगळ्यात मागे, आणि दुखणं तिथल्या तिथेच.

वजन बंपरवर नको, चासीवर द्या. प्रत्येक रेलखालून एक मीटरभर लांबीचा ५० × ५० × ५ मिमीच्या चौकोनी पाइपचा दांडा पुढे न्या. पुढची आणि मागची पकड यांत ६०० मिमी अंतर ठेवलं की तीच ७२ किलो-मीटर १२० किलोवर येते, एका दांड्याला ६०. लोखंड जवळपास तेवढंच, १५ किलो.

रामबाग_फॅब्रिकेशन
नटबोल्टशी सहमत. करायचं कसं, ते सांगतो.

दांडा रेलला थेट वेल्ड करू नका. ६ मिमी प्लेटचे कान कापा, प्रत्येक दांड्याला दोन, आणि ते टेबलावरच दांड्याला वेल्ड करा. कान रेलच्या उभ्या पत्र्याला लागून उभे राहतात. एका कानाला एम१२, ८.८ ग्रेडचे दोन बोल्ट, नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, ढिले न होणारे) नट, ८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क. भोकं उभ्या पत्र्याच्या मधल्या भागात पाडा. रेलच्या आडव्या पट्टीला भोक पाडलं किंवा तिच्यावर आडवा वेल्ड मारला तर चीर तिथूनच सुरू होते, कारण सगळ्यात जास्त ताण त्या पट्टीत असतो.

रेल सी चॅनेल असेल तर आतून ५ मिमीची आधारप्लेट द्या. बंद चौकोनी रेल असेल तर बोल्टभोवती आत पाइपचा तुकडा घाला, नाहीतर नट आवळताना पत्रा चेपतो, थोड्या दिवसांनी बोल्ट ढिला, आणि लोक दोष देतात नटाला.

वेल्डिंगचा रॉड ७०१८, ३.१५ मिमी, १०० ते १३० अँपिअर. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो आणि वेल्डला छिद्रं पडतात. भट्टीत वाळवलेला नसेल तर सरळ नवं हवाबंद पाकीट फोडा. गॅल्व्हनाइज्ड लोखंड असेल तर जस्त आधी घासून काढा, त्याच्या धुराने ताप येतो.

आयात केलेली हलकी गॅल्व्हनाइज्ड चासी असेल तर ड्रिल लावण्याआधी कंपनीचं पुस्तक वाचा. अशा चासीत बहुधा फक्त कारखान्यातून आलेली भोकंच वापरायची असतात.

चाक_आणि_धुरा
लोखंडाचं ठरलं, पण खरा धोका त्यात नाहीच. तुमच्याच मापांवरून: मागचे ६० किलो धुऱ्यापासून २.६ मीटर मागे, ते नाकावरून ६० × २.६ ÷ ४ = ३९ किलो उचलतात. दांडे आणखी साडेसात. ९० चे राहिले साधारण ४३, एकूण वजन ९७५, म्हणजे साडेचार टक्के. घाट उतरताना असा ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि वेग वाढला की गाडीलाही ओढतो. १० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

जनरेटर पुढच्या ए-फ्रेमवर (कपलरकडे निमुळत्या होणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावर) आणा, धुऱ्यापुढे ३.२ मीटरवर. मागे उरले ३९ किलो. नाक ७४ वर येतं. मग मागच्या कपाटातलं ४० किलो सामान (डबे, गॅस शेगडी, अवजारं) अडीच मीटर पुढे सरकवा: आणखी २५ किलो. झाले ९९. गाडीच्या हिचची मर्यादा तेवढी आहे का, तेही बघा. काही गाड्यांना ७५ च असते.

एमपी०९_भटक्या
जनरेटर पुढे, ठरलं. नाकाचं वजन धर्मकाट्यावर करून घेऊ का? आणि नंबर प्लेट सायकलींमागे झाकली जाते, तिचं काय?

चाक_आणि_धुरा
धर्मकाट्यावर एकूण वजन करा, नाकाचं नको. तिथे काटा ५-१० किलोच्या टप्प्याने सरकतो. घरचा बाथरूमचा वजनकाटा घ्या, त्यावर लाकडी ठोकळा उभा करा, कपलर हिचच्याच उंचीला टेकवा. ट्रेलर सपाटीवर, चाकांना अडण लावलेली, सामान भरलेलं.

प्लेट आणि मागचे दिवे दोन्ही स्टँडच्या मागच्या पट्टीवर पुन्हा लावा, वायर ट्रेलरच्या सात पिनच्या लाइनमधून. एकूण वजन आरसीवर लिहिलेल्या आकड्याच्या आत हवं.

रामबाग_फॅब्रिकेशन
एक राहिलं. दांडे खालून गेल्याने मागची उंची ५० मिमीने कमी होते, स्टँड ४० सेंमीहून जास्त बाहेर येतो ते वेगळंच. ढाब्याच्या चढावर आधी तोच घासेल, म्हणून स्टँड वर उचलून पिनने अडकवता येईल असा करा. बोल्ट ५० किलोमीटरवर पुन्हा आवळा. कानांच्या वेल्डवर झिंक प्राइमर आणि वरून पांढरा रंग द्या, काळा नको. पांढऱ्यावर गंजाची बारीक रेघ लगेच दिसते, आणि चीर पडली की आधी तीच उमटते.